विकला गेलेला माणूस आणि जमिनीची वही

बाजारात ज्याची स्वतःची किंमत ठरली, एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे ज्याचा ताबा गेला, अशा एका माणसाने पुढे आपल्या दख्खनच्या जमिनींची घडी बसवून दिली. मलिक अंबर हे त्याचे नाव. शाळेच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. गनिमी काव्याने मोगलांना हैराण करणारा निजामशाहीचा वजीर, जमीन महसुलाची व्यवस्था लावणारा कारभारी, आणि पुढे औरंगाबाद म्हणून नावारूपाला आलेल्या शहराचा संस्थापक. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण सातबाऱ्यावर ज्यांचे नाव आहे, किंवा असायला हवे होते आणि नाही, अशा प्रत्येकाने या माणसाची गोष्ट पुन्हा एकदा वाचावी असे मला वाटते.

त्याला निमित्तही तसेच आहे. जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाला निमगाव सावा हे गाव आहे. नुसते निमगाव लिहून भागत नाही, कारण याच मुलखात निमगाव तर्फे म्हाळुंगेही आहे, आणि शेजारी पारगाव तर्फे आळे. तर्फ हा जुन्या महसुली कारभारातला विभाग. तो कारभार गेला, पण त्याची खूण गावांच्या नावांना चिकटून राहिली. बँकेतल्या नोकरीत शेतीकर्जाच्या निमित्ताने या पट्ट्यातले सातबारे मी वर्षानुवर्षे वाचले. आता त्याच घरांतली संगणक शिकलेली मुले भेटली की विचारतात, काका, जमिनीच्या नोंदी ब्लॉकचेनवर टाकल्या तर सगळे तंटे मिटतील ना?

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे मी माझ्यापुरते असे समजून घेतले. आमच्या बँकेतल्या जुन्या खातेवहीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागील पानावरून पुढे आणलेली बेरीज असे. मधल्या पानावर कोणी खाडाखोड केली की पुढच्या साऱ्या बेरजा चुकत आणि लबाडी उघडी पडे. ब्लॉकचेन ही अशीच वही आहे, फक्त संगणकावरची. प्रत्येक नव्या पानात मागच्या पानाची अंकांनी बनलेली खूण बसवलेली असते, आणि त्या वहीच्या प्रती एकाच कचेरीत न राहता अनेक ठिकाणी असतात. एका प्रतीत गुपचूप फेरफार केला तर बाकीच्या प्रती ते उघड करतात. कल्पना नामी आहे. मात्र तिने जमिनीचे तंटे मिटतील का, याचे उत्तर शोधायला मी संगणकाकडे न जाता चारशे वर्षे मागे जातो. कारण ज्याने या मुलखात जमीन आणि माणूस यांचे नाते नीट लावण्याचा मोठा प्रयत्न केला, त्याच्या दरबाराचा मुक्काम काही काळ जुन्नरलाच होता.

चापूचा अंबर झाला

साधारण १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतल्या हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापारात सापडला. तांबड्या समुद्राकाठचे मोखा बंदर, मग बगदाद असा त्याचा प्रवास झाला, आणि प्रत्येक टप्प्यावर मालक बदलला. बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याची हुशारी हेरली, त्याला शिकवले आणि अंबर हे नवे नाव दिले. अंबर म्हणजे एक मोलाचे सुगंधी द्रव्य. मालाला नाव द्यावे तसे हे नाव होते, पण त्याच नावाने पुढे दिल्लीच्या तख्ताची झोप उडाली.

मीर कासिमने त्याला दख्खनमध्ये आणून अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याला विकले. हा चंगीझखान स्वतः हबशी, एके काळचा गुलाम. त्याने सुमारे हजार हबशी गुलाम पदरी ठेवले होते. दख्खनमधली ही गुलामगिरी आपण चित्रपटांत पाहिलेल्या अमेरिकेतल्या मळ्यांवरच्या गुलामगिरीहून निराळी होती. इथे गुलामाच्या हाती तलवार दिली जाई आणि कर्तबगारीने तो सरदारही होऊ शके. तरीही कागदावर तो मालमत्ताच. अंबरने चंगीझखानाजवळ राहून दरबार पाहिला, फौज पाहिली, दप्तर पाहिले.

१५७५ च्या आसपास चंगीझखान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी घटना. लढाया पुष्कळ झाल्या, पण हा एक फेरफार झाला नसता तर बाकीचे काहीच घडले नसते. आदल्या दिवसापर्यंत जो कुणाच्या तरी मालकीच्या यादीत होता, तो त्या दिवशी आपला आपण झाला. यादी पहिल्यापासून चूकच होती, असे आज आपण म्हणू. पण त्या काळच्या कायद्याने ती बिनचूक होती, आणि ती बदलायला एका बाईचा निर्णय लागला.

जुन्नरचा दरबार

मोकळा झालेला अंबर बराच काळ विजापूरच्या चाकरीत राहिला. मलिक ही पदवी त्याला तिथेच मिळाली. १५९५ च्या सुमारास तो दीडशेएक स्वार घेऊन निजामशाहीत परतला. तेव्हा अकबराची फौज अहमदनगरच्या दाराशी आली होती आणि चांदबिबी किल्ला लढवत होती. १६०० मध्ये चांदबिबी मारली गेली, अहमदनगर पडले. राज्य संपले असेच सर्वांना वाटले.

अंबरला तसे वाटले नाही. त्याने राजघराण्यातला एक तरुण शोधून परांड्याला मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवला आणि आपली मुलगी त्याला दिली. राजू दख्खनी नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी काही वर्षे झगडून त्याला नमवले. १६०७ च्या सुमारास राजधानी जुन्नरला आली. शिवनेरीच्या पायथ्याचे हे शहर तेव्हा काही आडगाव नव्हते. सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटाने कोकणातल्या बंदरांचा माल इथे चढत होता. जुन्नरजवळच्या हापूसबागेचे नाव मूळचे हबशीबाग असावे असे सांगितले जाते. इथला हातकागद तर असा नावाजलेला की पुढे पेशव्यांच्या दप्तरातही जुन्नरी कागद वापरला गेला. जमिनीच्या वहीची गोष्ट सांगताना ज्या कागदावर ती लिहिली गेली त्याचीही आठवण ठेवली पाहिजे.

पुढे राजधानी दौलताबादेस हलली. १६१० मध्ये जवळच्या खडकी गावी त्याने नवे शहर वसवले आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणले. ही नहर आजही नहर-ए-अंबरी म्हणून ओळखली जाते. त्या शहराची पाटी मात्र कितीदा बदलली पाहा. खडकीचे फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर.

मोगलांशी त्याचे युद्ध जवळजवळ पाव शतक चालले. समोरासमोर गाठ पडू द्यायची नाही, रसद तोडायची, रात्री छापा घालून डोंगरात नाहीसे व्हायचे, अशी ती रीत. मराठा सरदार आणि बारगीर यांच्या घोड्यांवर ही रीत उभी होती. शहाजीराजांची घडणही याच धामधुमीत झाली. जहांगीर बादशहा या माणसावर इतका चिडला की त्याच्या चित्रकाराने, अबुल हसनने, एक चित्र काढले. भाल्यावर खोचलेले अंबरचे मुंडके आणि त्यावर बाण सोडणारा जहांगीर. प्रत्यक्षात ते मुंडके बादशहाला कधी मिळाले नाही. चित्र आजही डब्लिनच्या संग्रहालयात आहे. मालकी कागदावर दाखवता येते, ताबा दाखवता येत नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

अंबर संत नव्हता. १६१० मध्ये मुर्तझाशहाशी त्याचे बिनसले, आणि शहाचा विषाने अंत झाला. तो अंबरनेच घडवून आणला असे समकालीन वृत्तांत सांगतात. स्वतः विकला गेलेल्या या माणसाने पुढे हबशी गुलाम विकत घेऊन आपल्या फौजेत भरले. हे लपवून त्याचे चरित्र सांगू नये.

गावाला विचारून लिहिलेली वही

पाव शतक युद्ध चालवायचे तर पैसा हवा, आणि पैसा म्हणजे जमीन. अंबरच्या आधी मुलखात मक्त्याची पद्धत होती. सरकारला ठरावीक रक्कम आगाऊ देणारा मक्तेदार गावात शिरे आणि कुणब्याकडून जमेल तेवढे ओरबाडून घेई. शेतात काय पिकले याच्याशी त्याला देणेघेणे नसे. कुणबी गाव सोडून पळे, जमीन पड राही, आणि पुढच्या वर्षी सरकारचेही उत्पन्न बुडे.

अंबरने हा मक्ता बंद केला. वसुलीचे काम त्याने ब्राह्मण कारकुनांकडे दिले आणि त्यांच्यावर मुसलमान अधिकाऱ्यांची देखरेख ठेवली. जिथे गावकीची घडी विस्कटली होती तिथे ती पुन्हा बसवली. जमिनीची प्रत पाहून दर ठरवायचा, आधी काही हंगाम प्रत्यक्ष पिकाचा हिस्सा धान्यात घ्यायचा, आणि अनुभवाने अंदाज पक्का झाला की मग तो रोकडीत बदलायचा, अशी त्याची रीत. हा हिस्सा धान्यात सुमारे दोन पंचमांश आणि रोकडीत सुमारे एक तृतीयांश होता असे परंपरा सांगते. आजच्या मानाने हे ओझे काही हलके नाही. पण ते आधी ठाऊक असे, आणि पेरलेल्या जमिनीवरच असे. आपल्याला किती द्यायचे आहे हे पेरणीआधी माहीत असलेला शेतकरी गाव सोडत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या मिरासदाराचा वंशपरंपरागत हक्क त्याने मानला, आणि गावच्या सामाईक जमिनीवर गावाचा. हक्काचा तंटा झाला तर तो गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, शेजारचे मिरासदार, बलुतेदार सारे बसत. निवाड्याचा जो कागद होई त्याला महजर म्हणत. त्यावर ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या व्यवसायाची निशाणी काढी, कुणबी नांगर काढी तर व्यापारी तराजू. बांध कुठे होता हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते त्यांची ती साक्ष. एकच नोंद अनेकांच्या स्मरणात ठेवायची, म्हणजे कोणा एकाला ती फिरवता येणार नाही, ही युक्ती आमच्या गावांना संगणकाआधी ठाऊक होती. अर्थात त्या सभेत बायकांना आणि गावकुसाबाहेरच्यांना बोलायला जागा किती होती, हेही विसरून चालत नाही. साक्षीदार पुष्कळ असले म्हणजे न्याय पुरा होतो असे नाही. कोणते साक्षीदार बसवले यावर ते ठरते.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा त्याच्यावर चालून आल्या. त्याने तलाव फोडून शत्रूच्या छावणीत चिखल केला आणि मग हल्ला चढवला. या लढाईत शहाजीराजांचे धाकटे भाऊ शरीफजी पडले. मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, अंबर मरण पावला. जहांगीरच्या दरबारातल्या इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कर्तृत्वाची मोकळ्या मनाने थोरवी गायिली. खुलदाबादेत त्याची कबर आहे.

राज्य त्याच्यामागे फार टिकले नाही. त्याचा मुलगा फतेहखान याने १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. त्याआधी १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडून गेला होता. गावेच्या गावे ओस पडली. ज्या वर्षी तो दुष्काळ सुरू झाला त्याच वर्षी शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. राज्य बुडाले, शहराचे नाव बदलले, पण मलिकंबरी धारा हा शब्द दख्खनच्या गावांत राहिला. जवळजवळ दोनशे वर्षांनी इंग्रज अधिकारी इथे आले तेव्हाही लोक त्या बंदोबस्ताचे नाव घेत होते. ती नोंद टिकली, कारण ज्यांच्याबद्दल होती त्यांना ती आपली वाटत होती.

न बदलणारी नोंद

आता त्या मुलांच्या प्रश्नाकडे येतो. कधीच न बदलणारी नोंद पाहायची असेल तर जुन्नर गावाबाहेर मानमोडीच्या डोंगरावर जावे. तिथल्या लेण्यांत सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचे शिलालेख आहेत. कोणी दान दिलेली शेते किती निवर्तने, कोणत्या गावची, करंजाच्या झाडाजवळची की वडाजवळची, हे त्यांत कोरले आहे. एक अक्षर कोणाला खोडता आलेले नाही. पण ते करंजाचे झाड गेले, वडही गेला. आज त्या लेखाच्या आधाराने एक गुंठाही कोणाच्या नावे होणार नाही. नोंद पक्की राहिली आणि जमिनीशी तिचा धागा तुटला.

दुसरा दाखला याच पुणे जिल्ह्यातला. १८२७ नंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या काळात प्रिंगल नावाच्या हुशार इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर धारा बसवायचा, असे त्याचे गणित होते. गणित सुबक होते. पण मोजणी चुकीची, पिकांचे आकडे खोटे, आणि खालच्या कारकुनांनी हात ओले केलेले. इंदापूरकडे लोकांनी जमिनी टाकून दिल्या. शेवटी १८३५-३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांना ते सारे नव्याने करावे लागले. आजच्या आपल्या मोजणीची आणि नोंदींची वंशावळ तिथपर्यंत जाते. खोट्या आकड्यांवर केलेले बिनचूक गणित किती महाग पडते, हे या जिल्ह्याने एकदा पाहिले आहे.

ब्लॉकचेनला मी नावे ठेवत नाही. एकच जमीन दोघांना विकणे, एकाच उताऱ्यावर दोन ठिकाणी कर्ज उचलणे, बोजा चढण्याआधीची तारीख घालून खरेदीखत करणे, या लबाड्या बँकेत बसून मी पाहिल्या आहेत. सर्वांना एकाच वेळी दिसणारी, मागच्या तारखेने न बदलणारी वही असती तर त्यांतल्या बऱ्याच थांबल्या असत्या. जॉर्जिया देशाने २०१६ पासून आपल्या जमिनींच्या नोंदींना या तंत्राची जोड दिली. पण त्याआधी, २००४ पासून, त्यांनी आपले नोंदणी खातेच मुळापासून सुधारले होते. होंडुरासमध्ये २०१५ च्या सुमारास अशीच योजना गाजावाजा करून जाहीर झाली आणि अडकून पडली. आपल्याकडे २०२२ मध्ये गडचिरोलीतल्या एटापल्लीत जातीचे दाखले या तंत्राने दिले गेले. दाखल्यावर मजकूर एका माणसाचा असतो आणि तो एकदाच द्यायचा असतो. जमिनीचे तसे नाही. तिच्यात वारस येतात, वाटणी येते, बहीण येते, बांध सरकतो.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्त नोंदला जातो, मालकीची हमी मिळत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची असते. म्हणजे आपला कायदाच मान्य करतो की नोंद चुकू शकते, आणि ती सुधारायला वाट ठेवतो. या वाटेचे नाव फेरफार. अर्ज, नोटीस, हरकत, चौकशी, मंजुरी.

ही वाट किती गरजेची आहे ते एका प्रकरणाने मला कायमचे शिकवले. गावाचे नाव सांगत नाही. नवरा वारल्यावर दिरांनी वारस नोंद करून घेतली, तीत विधवेचे नाव नव्हते. कागद सगळे रीतसर, सह्या-शिक्के जागच्या जागी. कर्जाची फाइल माझ्या टेबलावर आली तेव्हा नियमाप्रमाणे मी जमीन पाहायला गेलो. शेतात कांदा काढत होती ती बाई. ही कोण, असे विचारल्यावर शेजारच्या म्हाताऱ्याने सारे सांगितले. कर्ज थांबले. तिने हरकत घेतली, चौकशी झाली, आणि बऱ्याच खेटांनंतर सातबाऱ्यावर तिचे नाव चढले. ती पहिली नोंद ब्लॉकचेनवर असती तर ती अगदी सुरक्षित राहिली असती, खोटी आणि सुरक्षित. दुरुस्तीची नवी नोंद त्या साखळीत पुढे जोडता येते, हे खरे. पण ती जोडायचा हुकूम कोणी द्यायचा, आणि त्याआधी बांधावर कोणी जायचे? ते काम माणसाचेच राहते. चापूला मोकळे करण्याचा निर्णयही कोणा वहीने घेतला नव्हता.

म्हणून माझे उत्तर असे. जिथे नोंद खरी आहे तिथे ही नवी साखळी तिची राखण चांगली करील. नोंद खरी करणे तिला जमणार नाही. मलिक अंबरने आधी मक्तेदार हटवला, गावकी उभी केली, काही हंगाम प्रत्यक्ष पीक पाहिले, आणि मग दर पक्का केला. क्रम महत्त्वाचा आहे. आधी मोजणी, वारस नोंदी, बहिणींचे हक्क आणि बांधावरची खात्री. कुलूप त्यानंतर.

तोवर घरच्या घरी करण्यासारखे एक काम आहे. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा संगणकावरून मिळतो. आपल्या गावचा काढा, सोबत गाव नमुना सहामधला फेरफारही पाहा. आजोबांचे नाव अजून तसेच असेल तर वारस नोंदीचा अर्ज गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे कालपर्यंतच्या तलाठ्याकडे द्या. आणि त्या नावांच्या यादीत आई, आत्या, बहीण, वहिनी यांच्यापैकी कोण राहून गेले आहे ते आधी बघा.